जोडीदाराच्या रकान्यात

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची जयपुरात. आईने मिरजेहून बांधून दिलेल्या तीन पिशव्यांपैकी दोन शाबूत आहेत. तिसरीतलं मेतकूट बॅगभर सांडलं, त्यामुळे माझे सगळे पांढरे कोट आता खमंग झालेत. उद्या रुग्णालयात रुजू व्हायचं. कान-नाक-घसा विभाग, दुसरा मजला, आणि म्हणे रोज ऐंशी रुग्ण.

राहायची सोय शास्त्री नगरला, सुधाताईंच्या वरच्या खोलीत. सुधाताई याच रुग्णालयात छातीच्या डॉक्टर. मूळच्या अकोल्याच्या, पण बावीस वर्षं इथे काढल्यामुळे दर दोन वाक्यांमागे एक 'मतलब' असतोच. जिना अरुंद आहे, पण गच्ची माझ्या एकटीची. हवा इतकी कोरडी की धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक झाला. मला गाव आवडलं. मिरजेत सर्दीने बेजार असायचे, इथे पहिल्याच दिवशी नाक मोकळं झालं आणि छाती भरून श्वास घेतला.

निहारला फोन केला. धाकटा भाऊ, पुण्यात असतो. म्हणाला, ताई, रोजनिशी लिहिणारी माणसं लवकर म्हातारी होतात. म्हटलं, होऊ दे, म्हातारपणी वाचायला काहीतरी हवंच ना.

६ मार्च, गुरुवार

यंदा छत्तिसावं लागलं. लग्न नाही, कर्ज नाही, तेव्हा एक हौस करायची ठरवलीय: स्कूबा शिकायचं, आणि तेही फोटोपुरती वीस मिनिटांची डुबकी नाही, तर रीतसर प्रमाणपत्र घ्यायचं. दहा वर्षं लोकांना पाण्याच्या दाबाने कानाच्या पडद्याचं काय होतं ते समजावतेय, आणि स्वतः गुडघ्यापलीकडे समुद्रात गेलेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

प्रश्न एवढाच की कुठे. दोन दिवस फोनवर आहे. तारकर्ली घरच्यासारखी, बोलणं मालवणी, पण पाणी कधी स्वच्छ, कधी गढूळ. गोव्यात गर्दी, एका शिक्षकामागे सहा-सहा जण. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट चांगलं, पण बोटीत ओकाऱ्या होतात असं तिथलाच माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, म्हणून तो मला आवडला. पुदुच्चेरीला लाटा. अंदमानाचं पाणी काचेसारखं, पण जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात आणि माझी रजा मोजून पाच दिवस. सगळ्यांना एकच विचारलं, शिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि सामान किती जुनं. जो दुसऱ्या प्रश्नावर चिडला त्याला यादीतून काढला.

सुधाताई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "अगं, मतलब समुद्र सोडून वाळवंटात आलीस, आणि आता इथे बसून डुबकी शोधतेस?"

१० मार्च, सोमवार

तोडगा निघाला. हा अभ्यासक्रम अर्धा-अर्धा करता येतो. पुस्तकी भाग आणि तलावातले धडे एका गावात, मग तिथलं पत्र घेऊन समुद्रातल्या चार डुबक्या दुसऱ्या गावात. आणि हा पहिला अर्धा जयपुरातच होतो! आदर्श नगरात एका व्यायामशाळेमागे छप्पर असलेला तलाव आहे, तिथे रणजीत सर शिकवतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे. सामान जुनं पण लखलखीत ठेवलेलं, आणि सध्या विद्यार्थी मी एकटीच. एकास एक शिक्षक! समुद्राचं ठिकाण मागाहून निवडलं तरी चालतं. निहारला कळवलं तर त्याने फक्त उंटाचं चित्र पाठवलं.

१६ मार्च, रविवार

आज पहिला धडा. बारा फूट पाण्याखाली पहिला श्वास घेतला तेव्हा मी नळी तोंडात धरूनच हसले. किती साधं आहे. हवा आत, बुडबुडे बाहेर. श्वास कधीही रोखून धरायचा नाही हा पहिला नियम, आणि एकट्याने कधीही उतरायचं नाही हा दुसरा. प्रत्येकाला एक जोडीदार हवाच.

त्यावरून अर्ज भरताना गंमत झाली. अर्जात जोडीदाराचा रकाना आहे आणि माझ्या जोडीला कुणीच नाही. रणजीत सरांनी कपाटातून एक जुना अर्ज काढला. यतीन नावाच्या मुंबईकर मुलाचा. इथल्या एका कंपनीत होता, दोन वर्षांपूर्वी तलावातले धडे पुरे केले, समुद्रातले अर्धे राहिले. त्याचं नाव अजून चालू आहे, तेव्हा कागदोपत्री तोच तुमचा जोडीदार, असं म्हणाले. माझ्या अर्जावर त्याची सही हवी होती आणि त्याच्या अर्जावर माझी. तो इथे नाही, तुम्हीच करून टाका, असं हिंदीत पुटपुटले, आणि पेन पुढे करून तलावाकडे बघत राहिले.

मला कसलं वाटतंय! शिकाऊ डॉक्टर असताना हजेरीपटावर मी सहा-सहा जणांच्या सह्या मारायचे, एकेकीच्या वळणासकट. यतीनची सही झोकात ठोकली, आणि त्याच्या अर्जावर माझी. वर छापलेलं वाक्य नंतर वाचलं. जोडीदाराला सोडून मी वर येणार नाही, त्याची हवा संपली तर माझ्यातली देईन. लग्नातल्या शपथांपेक्षा बरं आहे, निदान मुद्द्याचं.

२३ मार्च, रविवार

काल शीतळा अष्टमी. शेजारच्या घरातून आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण आलं, दहीभात, बाजरी-ताकाची राबडी, पुऱ्या. चूल पेटवायची नाही म्हणून सुधाताई खूश होत्या. त्यांना चाकसूच्या जत्रेला जायचं होतं, पण दवाखान्याने सोडलं नाही.

आज दुसरा धडा. हवा संपली तर काय करायचं ते. हल्ली प्रत्येकाकडे राखीव नळी असते, पण रणजीत सर जुनी पद्धतही शिकवतात. दोघांत एकच नळी. दोन श्वास तू घे, मला दे, दोन मी घेतो, तुला देतो. तळाशी गुडघ्यांवर बसून आम्ही पाच मिनिटं तसं केलं. छान जमलं. मग सर खूण करून दुसऱ्या टोकाला वजनाचा पट्टा आणायला गेले, आणि मी माझी नळी तोंडात धरून स्वस्थ बसले.

दोन श्वास आले. पुढचे दोन आले नाहीत. नळी ठीक होती, टाकी भरलेली होती, छाती ओढत होती, पण आत काही येत नव्हतं. मग पुन्हा दोन आले, आणि पुन्हा दोन नाहीत. माझ्या नळीतून बुडबुडे येत नसत तेव्हा उजव्या हाताला, माझ्यापासून वीतभर अंतरावर, बुडबुडे वर जात होते.

वर आल्यावर सरांना सांगितलं. त्यांनी सामान तपासलं. नवखेपणा असेल माझा. भीतीने माणूस काहीही मोजतो.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी बाह्यरुग्ण विभागात एका आजोबांच्या कानात बघत होते. दोन श्वास नीट. नंतर छाती वर गेली, पण आत हवा नाही. पुन्हा छाती वर, पुन्हा रिकामी. मग दोन नीट.

खुर्चीत बसून मोजलं. वीस मिनिटं तसंच. दोन माझे, दोन कुठेतरी. आजोबा म्हणाले, डॉक्टरनीजी, पाणी घ्या.

२७ मार्च, गुरुवार

सुधाताईंनी त्यांच्या विभागात नळीत फुंकायला लावलं. माझी थट्टा करतच सुरुवात केली त्यांनी. मग पडद्यावरची रेघ बघून खुर्ची पुढे ओढली. दोन उंच डोंगर, मग दोनदा सपाट, मग दोन डोंगर. यंत्र बदललं, तरी तेच. एक्स-रे स्वच्छ, रक्त उत्तम. बावीस वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाल्या. सपाट जागी माझी छाती हलत होती, तेही त्यांनी पाहिलं. मतलब, हवा जाते तर आहे, असं स्वतःशीच म्हणाल्या.

मी त्यांना सहीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार? मला स्वतःलाच लाज वाटली.

३० मार्च, रविवार

आदर्श नगरला गेले, पोहायला नव्हे. जिन्यावर तीनदा बसावं लागलं. आता दोन माझे, तीन त्याचे.

'त्याचे' लिहिलं हाताने. राहू दे.

रणजीत सरांना विचारलं यतीन कुठे आहे. त्यांनी दार लोटून सगळं सांगितलं, मान खाली घालून. यतीन समुद्रात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला घेऊन ते स्वतः गेले होते, समुद्रात त्याचे जोडीदारही तेच. दुसऱ्या डुबकीला यतीनची हवा संपली. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण केली, सरांनी नळी दिली, दोन-दोन श्वास घेत दोघं वर निघाले. मधेच सर घाबरले. नळी त्याच्या तोंडातून ओढून घेतली आणि एकटे वर आले. तो सापडलाच नाही.

परत आल्यापासून सरांचा श्वास असाच वाटला जायला लागला. पंधरा महिने. शेवटी खाटेवर पडून होते. तेव्हा एक नवी विद्यार्थिनी आली, गार्गी, आणि तिने यतीनच्या अर्जावर जोडीदार म्हणून सही केली. त्याच मिनिटाला सर उठून बसले.

म्हणजे माझ्या हातात पेन दिलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना ओरडून शिव्या घालणार होते. पण श्वास त्याचे चालू होते तेव्हा.

१ एप्रिल, मंगळवार

गार्गीचा नंबर सरांच्या कपाटातल्या तिच्या अर्जावर होता. नागपूरची, आता बंगळुरूला असते. माझं तुटक बोलणं ऐकून रडायला लागली. तिने आठ महिने काढले. सोळा मार्चला दुपारी, ऑफिसात, एकदम छाती भरून श्वास आला म्हणाली, तेव्हाच तिला कळलं कुणीतरी सही केली. सरांना तिनेच गळ घातली होती, कुणीही आणा, पण आणा. माफी मागत होती. यतीनचा अर्ज फाडून, जाळून काही होत नाही म्हणाली, तिने दोन्ही केलं होतं. सरांच्या कपाटात तो पुन्हा असतोच.

सुटायला वाटा दोनच. दुसऱ्या कुणीतरी त्या रकान्यात सही करायची. नाहीतर, असं तिला वाटायचं, त्याच्या राहिलेल्या डुबक्या पुऱ्या करायच्या. त्याला सोबत घेऊन उतरायचं आणि सोबत घेऊनच वर यायचं. तिला ते करायचं धैर्य झालं नव्हतं.

पहिली वाट मी कुणालाही दाखवणार नाही. डॉक्टर आहे मी. मला दुसरी.

३ एप्रिल, गुरुवार

पुन्हा तेच फोन. महिन्यापूर्वी मी लोकांना नापास करत होते, आता मी हात जोडतेय. कुठेही चालेल, गढूळ पाणी चालेल, एका शिक्षकामागे दहा चालतील.

पण मला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. फोनवर सगळ्यांना ऐकू जातं. गोव्याच्या बाईने विचारलं, मॅडम, तुम्हाला दमा आहे का. तारकर्लीच्या माणसाने सांगितलं, ताई, आधी बऱ्या व्हा, समुद्र कुठे पळून जात नाही. नेत्राणीच्या प्रामाणिक माणसाने प्रामाणिकपणे नाही म्हटलं. अंदमान म्हणालं, डॉक्टरच्या सहीचा तंदुरुस्तीचा दाखला आणा, मग बघू.

मी सुधाताईंसमोर कागद ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागद उलटा केला आणि माझा हात धरून बसल्या. त्या खोटी सही करत नाहीत. आजवर कधीच केली नाही म्हणाल्या.

७ एप्रिल, सोमवार

दोन माझे, चार त्याचे.

दाखला मीच लिहिला. मिरजेच्या एका मैत्रिणीच्या नावाने, तिच्या वळणात. अर्जातल्या सगळ्या प्रश्नांवर 'नाही', 'नाही', 'नाही'. उद्या सकाळचं अंदमानचं विमान.

निहारचा फोन येतोय. उचलत नाही. आवाज ऐकला की कळेल त्याला.

८ एप्रिल, मंगळवार

विमानतळावरच पडले. तपासणीच्या रांगेत. डोळे उघडले तर आमचंच रुग्णालय, सुधाताईंचाच वॉर्ड. बॅग गेली कुठेतरी, वही आणि फोन तेवढे पर्समध्ये राहिले.

दुसरी वाट बंद.

१० एप्रिल

प्राणवायूचा मुखवटा लावलाय. उपयोग नाही. मग हवा ढकलणारं यंत्र लावलं. यंत्र ढकलतं, छाती फुगते, आणि चारदा ती हवा दुसरीकडेच. सुधाताई यंत्रासमोर उभ्या राहून मोजतात. मला त्यांची दया येते.

बोलता येत नाही. हवं ते या वहीच्या मागच्या पानांवर लिहून दाखवते. पाणी. उशी. आईला सांगू नका.

१२ एप्रिल

निहार आलाय. सुधाताईंनी कळवलं.

मला बघून तो आधी हसला, मग बाहेर जाऊन आला. डोळे लाल. रात्रभर प्रवास करून आला, आणि माझेच पाय चेपत बसलाय. लहानपणी दमा याला होता. मी शाळेत याच्या वर्गाबाहेर फवारा खिशात घेऊन उभी राहायचे. आईपेक्षा मला आधी ऐकू यायची याची छाती. आताही जिना चढून आला तर शिट्टी वाजते.

याच्या वाट्याला हे— नाही. मेले तरी नाही.

१३ एप्रिल

एक माझा. पाच त्याचे.

त्याने विचारलं, ताई, काय झालं नक्की. मी लिहिलं, माहीत नाही. खोटं. आयुष्यात इतकं नेटकं खोटं लिहिलं नव्हतं.

त्याचा राग नाही येत मला. यतीनचा. त्याला नळी हवीय एवढंच. दिलेली नळी कुणी ओढून घेतली तर मी पण—

१४ एप्रिल

एक माझा. सात.

खिडकीबाहेर केवढी हवा. पडदा फुगतोय.

झोप लागली की वही निहारच्या हातात असते. मी काही लिहिलंय का बघायला. मागची पानं. फक्त मागची, मला वाटतं

१५ एप्रिल, दुपार

उठले. निहार नाही. वही पुढच्या पानांवर उघडी. तीस मार्च. एक एप्रिल.

त्याने खाली पेन्सिलीने लिहिलंय— ताई, हे असलं काही नसतं गं. पण तुझ्या मनात बसलंय ना, मग एका सहीने जात असेल तर सही करून येतो. आदर्श नगर लांब नाही. तासाभरात आलो.

केव्हा लिहिलं? केव्हा गेला?

फोन लावला. तो उचलतो. हॅलो, ताई? हॅलो? माझा श्वास नाही. सात होईपर्यंत त्याने ठेवला. निरोप पाठवला, करू नको. वाचलेला दिसत नाही.

घंटा वाजवली. सिस्टर येऊन उशी सरळ करून गेली. तिला पान दाखवलं. मराठी वाचता येत नाही तिला. सुधाताईंना बोलवा— हिंदीत लिहिते— बुलाओ— ती गेली, हळूहळू जातेय

एक माझा.

त्याचे. चार. पाच. सहा

एक माझा. अजून फोन

माझा.

परत माझा. दोन.

तीन. चार, सलग, पोटापर्यंत, पाच, सहा, किती गोड आहे हवा, सात— आवाज आला, मी ओरडू शकते, निहार, पेन खाली ठेव, निहा